मापाच्या अंगठ्या

अक्का माणसाचे तोंड नंतर पाहत, आधी हात. रस्त्यात कोणी नमस्कार केला तरी त्यांची नजर बोटांच्या सांध्यांवर जाई. जळगावच्या एका दवाखान्यात त्या परिचारिका होत्या. सत्तरच्या दशकात मुंबईच्या एका डॉक्टरांनी तिथे संधिवातावरच्या नव्या गोळीची चाचणी सुरू केली. दर शनिवारी रुग्णांचे सांधे मोजायचे आणि वहीत लिहायचे, हे काम अक्कांकडे आले. माझी आई त्या वहीतली एक रुग्ण होती.

बोटांची सूज मोजायला त्यांनी एका सराफाकडून मापाच्या पितळी अंगठ्यांचा जुडगा मागून आणला होता. सांध्यावरून कोणत्या क्रमांकाची अंगठी जाते, ते लिहायचे. यावलजवळच्या आमच्या गावाहून आईसोबत शेजारच्या मथुराबाई येत. त्यांनाही हाच आजार. पहिल्याच दिवशी त्या म्हणाल्या, "अक्का, आता हीच सोन्यात करून दे वं मले!" अक्का हसल्या नाहीत. पुढच्या शनिवारी मात्र अक्कांनीच विचारले, "सराफ बसलाय, माप देता ना?"

सकाळी हात किती वेळ आखडलेले राहतात, हाही प्रश्न असे. बायकांकडे घड्याळ नव्हते. "लई येळ" एवढ्यावर अक्कांचे समाधान होईना. त्यांनी एसटीचे वेळापत्रक मिळवून टेबलाच्या काचेखाली ठेवले. मग विचारू लागल्या, "पहिली भाकर थापता आली, तेव्हा चोपड्याची गाडी गेली होती का?" त्यावरून मिनिटे काढत.

गोळ्या दोन तऱ्हेच्या होत्या, एक औषधाची आणि एक नुसतीच. दिसायला सारख्या. "कोणाला कोणती, ते मलाही ठाऊक नाही," असे त्या प्रत्येकाला सांगत. पुढचे वाक्य ठरलेले: "मला बरं वाटावं म्हणून बरं वाटतंय म्हणू नका."

आईला खरेच बरे वाटू लागले. तिसऱ्या महिन्यात ती आपली वेणी आपण घालू लागली. मथुराबाईंना काहीच फरक नव्हता. मग आकडे उलटे येऊ लागले. आईचे बोट फुगले, मथुराबाईंचे उतरले. अक्कांनी दोनदा मोजले.

"गोळ्या वेळेवर घेता ना?"

"घेतो," दोघी म्हणाल्या.

त्या शनिवारी मीही आईसोबत गेलो होतो. मी तेव्हा एका दैनिकात बातमीदार होतो. ठाऊक असलेली गोष्ट सांगून टाकायची सवय होती. "आई निम्म्या गोळ्या मथुराबाईंना देते," मी म्हणालो.

आई ओशाळली नाही. "एकाच गाडीनं येतो आम्ही. मी एकटीनंच कसं बरं व्हायाचं?"

अक्कांनी पेन उचलले.

"लिहू नका," मी म्हणालो. "कोणाला कळणार आहे?"

"ही गोळी पुढं लोकांना द्यायची की नाही, ते ह्या वहीवरून ठरायचंय," त्या म्हणाल्या. "मी न पाहिलेले हात आहेत ते. त्यांना काय सांगू?" त्यांनी लिहिले. अक्षर नेहमीसारखे आले नाही.

दोघींची नावे चाचणीतून वगळली गेली. गोळी बाजारात मिळत नव्हती. आईला तरी ती चाचणीबाहेर द्यावी म्हणून अक्कांनी मुंबईला दोन पत्रे लिहिली. दोन्ही वेळा नकार आला. पुढच्या दोन वर्षांत आईचे हात मिटत गेले.

मी अक्कांशी बोलणे सोडले. आईने सोडले नाही. "तिनं खोटं लिवलं असतं, तं मी तिच्या हाती हात दिला नसता," ती म्हणे.

महिन्यातल्या एका रविवारी अक्का बसने गावी येत. आधी आईची वेणी घालत, मग पिशवीतून अंगठ्या आणि आईच्या नावाची वेगळी वही काढत. त्या मापांचा आता कोणालाच उपयोग नव्हता. एकदा सर्वांत मोठी अंगठीही सांध्यावर अडली. त्यांनी तेही लिहून ठेवले.

आईच्या तेराव्याला अक्का आल्या आणि ती वही माझ्यापुढे ठेवून, न जेवता, परतीच्या गाडीला गेल्या. तिथेच ओट्यावर बसून मी ती चाळली. तारखा आणि आकडे, कुठेही खाडाखोड नाही. शेवटच्या रविवारच्या तारखेसमोरचा रकाना मोकळा होता. खाली बारीक अक्षरात एक ओळ होती:

"आज मोजले नाही. हात हातात घेऊन बसले."