पाऊस आहे, उशीर होईल

लॅबमध्ये सगळे त्यांना थेंबकाकू म्हणत आणि त्याही खुशाल ओ देत. त्यांच्या कारखान्यात जिवंत पेशींकडून औषध बनवून घेतात. त्या पेशींचा डीएनए औषधात किती मागे राहिला, हे काकू डिजिटल पीसीआरवर बघायच्या. नमुन्याचे हजारो बारीक थेंब करायचे. ज्यात डीएनए असेल तो थेंब चमकतो, बाकीचे काळोखात. मधे एक रेघ. वरचे मोजायचे, खालचे सोडायचे. पण काही थेंब ना धड वर, ना धड खाली, मधेच लोंबकळतात. त्याला लॅबमध्ये ‘पाऊस’ म्हणतात. काकूंचा या पावसावर दात होता.

“पाऊस आहे, उशीर होईल,” असा फोन घरी पहिल्यांदा गेला, तेव्हा नवऱ्याने बिचाऱ्याने भर उन्हात दोरीवरचे कपडे आत आणले होते. लेक अजून त्यावरून त्याला चिडवते.

पुढे एक दिवस ही लेक पहिल्या नोकरीसाठी दूरच्या शहरी निघायची होती. संध्याकाळची गाडी. काकूंचं अर्धं लक्ष घड्याळात, आणि तिथेच घात झाला. थेंब हलक्या हाताने उचलायचे असतात. त्यांनी पिपेट जोरात दाबलं. पडद्यावर धो धो पाऊस!

साहेब मागेच उभे. औषध पाठवायचं खोळंबलेलं. माणूस वाईट नव्हे, पण म्हणाले, “काकू, रेघ जरा वर घ्या ना. सगळं मर्यादेत बसेल. तुम्हालाही लेक भेटेल.”

काकूंचा जीव खालीवर झाला, खोटं कशाला सांगा! पण म्हणाल्या, “रेघ आधी ठरलीय, साहेब. निकाल बघून ती हलवायची, तर मोजायचं तरी कशाला? हात माझा घाईचा पडला. तसं लिहिते आणि पुन्हा लावते.”

साहेबांनी मान डोलावली. काकूंनी घरी फोन लावला. “पाऊस आहे,” एवढंच त्यांच्या तोंडून निघालं.

दुसऱ्या खेपेला पडदा स्वच्छ. डीएनए मर्यादेच्या कितीतरी खाली.

“म्हणजे रेघ सरकवली असती, तरी चाललं असतं,” साहेब म्हणाले.

“हो. पण आता ते आपल्याला ठाऊक आहे.”

अशा बाईने तपासलेलं इंजेक्शन खुशाल डोळे मिटून घ्यावं.

गाडी केव्हाच गेली होती. काकू पाय ओढत फाटकाशी आल्या. आभाळ कोरडं ठणठणीत, आणि दिव्याखाली लेक उभी. पायाशी बॅग, डोक्यावर उघडी छत्री.

“बाबा म्हणाले, पाऊस आहे. म्हटलं, मग उद्याच जाऊ.”

वाया गेलेल्या तिकिटावरून रागवायला काकूंनी तोंड उघडलं खरं. मग बॅग उचलून त्या छत्रीत शिरल्या.