ताकदीची गोळी

एका रविवारी सकाळी आमच्या घरात दोन माणसांना आणि एका म्हशीला कावीळ झाली.

गडमुडशिंगीहून कोल्हापूरला कॉलेजात जाणारा आमच्या घरातला पहिला मुलगा मी. त्यामुळे घरच्यांचं भलं करायची मला जरा घाईच असते. वर्गातली मुलं रोज मल्टिव्हिटॅमिन घेतात, म्हणून मीही एक बाटली आणली आणि शनिवारी रात्री जेवताना एक गोळी स्वतः घेतली, आई-आबांना एकेक दिली.

"कशाची हाय?" आबांनी विचारलं.

"ताकदीची." (घरात 'जीवनसत्त्व' म्हणायला मला लाज वाटते.)

सकाळी संडासात लघवी करताना मी खाली बघितलं. पिवळं! साधंसुधं नव्हे, भंडारा उधळल्यासारखं पिवळं! आमचे थोरले काका काविळीनं गेले, त्यांचीही सुरुवात अशीच झाली होती. घाम पुसत बाहेर आलो, तर दारात आबा. चेहरा उतरलेला.

"बाळ्या, आईला सांगू नगंस. माझं पिवळं व्हतंय."

"आबा... माझंही."

"तुझंबी?"

आम्ही उजेडात जाऊन एकमेकांच्या पापण्या ताणून पाहिल्या. भीतीनं पांढरंही पिवळंच दिसत होतं!

"पाण्यातनं आली आसंल," आबा पुटपुटले आणि एकदम ओरडले, "आरं, म्हसबी त्येच पाणी पिती की!"

गोठ्यात दोघंही म्हशीमागे वाकून उभे राहिलो. तिनं फार ताटकळत ठेवलं नाही. पिवळं!

"गेली!" म्हणून आबा मटकन खाली बसले. (आजवर तिचं कुठल्या रंगाचं होतं, हे दोघांनाही आठवेना.)

आबांच्या त्या ओरडण्यानं आईला सगळं कळलंच. तिनं चुलीवरचा मटणाचा रस्सा उतरवला, आमच्यापुढे काविळीच्या पथ्याचे फुटाणे ठेवले आणि पदर डोळ्यांना लावला.

"तुला काय न्हाय व्हय?" आबांनी विचारलं.

"मला कसलंच न्हाय! देवानं मलाच एकटीला कशापायी मागं ठेवली!"

तिघं गावातल्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी डोळे पाहिले, पोट दाबलं. "नवीन काही खाल्लंय?"

"न्हाय," आबा म्हणाले.

"म्हणजे... एक गोळी," मी चाचरत बाटली पुढे केली.

डॉक्टर बाटली वाचून हसायलाच लागले. "अहो, कावीळ कसली! यातल्या एका बी-जीवनसत्त्वाचा रंग आहे हा. शरीराला जास्त झालं की ते बाहेर टाकतं. नीट जेवताय ना? मग रोज कशाला? काही कमी आहे असं वाटलं तर तपासून, विचारून घ्या."

"म्हंजे ताकद घेटली आन् सगळी मोरीत सोडली?"

"सगळी नाही. बरीचशी."

"मग ही कशी वाचली? आन् म्हशीचं काय?"

आईनं मान खाली घातली. "माझी गोळी म्या भाकरीतनं म्हशीला घाटली. दूध ती देती, ताकद तिलाच लागनार की!"

"एका गोळीनं म्हशीला काय होतंय? तिचं पिवळंच असतं!" डॉक्टर डोळे पुसत म्हणाले.

रस्सा पुन्हा चुलीवर चढला आणि आबांनी दोन वाट्या जास्त ओरपल्या. पण तेव्हापासून घरात मी काही शास्त्रीय सांगायला तोंड उघडलं, की ते हात वर करतात.

"थांब लेका. आधी रंग कंचा येनार, त्येवढं सांग."

बी.एस्सी.चं दुसरं वर्ष चालू आहे माझं. रंगापर्यंत आम्ही अजून आलेलो नाही.