बुचाला हात लावू नये

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, कारण मला अजून हसू येत नाही. संताप येतो! आणि तो काढायचा कुणावर, हाच तर वांधा आहे.

मी कॉलेजात केमिस्ट्री शिकवतो आणि जोडीला पीएच.डी. करतो. काम काय, तर अल्कोहोलचं ऑक्सिडेशन करून अल्डिहाइड बनवायचं. जुन्या पद्धतीत त्यासाठी क्रोमियम घालतात आणि मागे विषारी पाणी उरतं. माझी पद्धत हिरवी! चिमूटभर तांब्याचा कॅटॅलिस्ट, आणि ऑक्सिजन कुठला? हवेतला. फुकटचा! हे मी इतक्यांना ऐकवलंय, की बायको ताट वाढताना म्हणते, "जेवा. हवा फुकट असेल, भाकरी नाही."

प्रयोग झकास व्हायचा. फ्लास्कमधलं तांबूस द्रावण हिरवं झालं की काम फत्ते. पण एक गोष्ट डोक्यात जायची. मी बूच घट्ट लावून तासावर जायचो आणि परत येतो तर बूच सैल! बदामासारखा वास पार जिन्यापर्यंत. म्हणजे अहो, माझं अल्डिहाइड उडून चाललेलं! राबायचं मी आणि वास घ्यायचा कॉमर्सवाल्यांनी?

संशयित एकच. आमचे लॅब अटेंडंट दत्तूमामा, गडमुडशिंगीचे, निवृत्तीला आलेले.

"मामा, बूच तुम्ही सैल करता?"

"व्हय की."

बघा! चोरी कबूल, वर चेहऱ्यावर काही नाही!

"का पण?"

"भांडं गरम हाय, सर. जरा वारं लागू दे की त्याला."

"वारं? मामा, ही लॅब आहे, तुमचा गोठा नव्हे!"

मामा फडकं खांद्यावर टाकून निघून गेले. खोटं कशाला सांगू, तेव्हा मला मैदान मारल्यासारखं वाटलं.

कारण दुसऱ्या दिवशी माझं पीएच.डी.चं काम तपासायला कमिटी येणार होती. माझी शेवटची मुदत. त्यांच्या डोळ्यांसमोर प्रयोग झाला नाही, तर सहा वर्षांची मेहनत पाण्यात. मी कसली रिस्क घेतोय? त्या दिवशी सकाळीच फ्लास्क भरला, बुचाला टेपचे चार वेढे मारले आणि वर भिंतीवर ठळक अक्षरात कागद चिकटवला : 'बुचाला हात लावू नये.'

कमिटी आली. मी तासभर भाषण ठोकलं. द्रावण तांबूस. चहा झाला, पोहे झाले. द्रावण तांबूसच! हिरवं व्हायचं नाव नाही. मी मनातल्या मनात शाहूपुरीतल्या केमिकलवाल्याचा उद्धार केला, विजेचा केला, शेवटी मामांचाही केला. काल बोललो म्हणून यांनी काहीतरी केलं असणार!

कमिटीतले पांढऱ्या मिशांचे एक सर उठले. त्यांनी फ्लास्क बघितला. टेप बघितली. मग फळ्याकडे बघितलं. तिथं माझ्याच हस्ताक्षरात लिहिलेलं होतं, 'ऑक्सिडंट : फक्त हवा.'

"पण ही हवा आत जाती कुठनं हो?"

मी तोंड उघडलं. हवा गेली ती तेवढ्या तोंडातच.

कोपऱ्यातून दत्तूमामा पुढे आले. शांतपणे टेप सोडवली, बूच सैल केलं आणि म्हणाले, "फुकटची हाय म्हंतासा की रोज. मग आत सोडायला का जिवावर आलं?"

दुपारपर्यंत द्रावण हिरवंगार! मेहनत वाचली, प्रबंध लिहायला मुदत वाढवून मिळाली, नोकरीत तोंड दाखवायला जागा राहिली. म्हणजे इतके दिवस माझा प्रयोग कोण करत होतं? मी सगळ्यांसमोर मामांची माफी मागितली. मनापासून मागितली. ते म्हणाले, "असूं दे की, सर."

मला वाटलं, माणूस मोठ्या मनाचा आहे. दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये गेलो, तर भिंतीवर कागद तोच होता. फक्त सुरुवातीला निळ्या पेनानं एक शब्द वाढवलेला : 'सरांनी.'

आणि खाली त्या मिशांवाल्या सरांची सही!