मंजुळेचं वाक्य

मैत्रिणींनो, आपली फिरती वही आज माझ्याकडे आलीय. डोळे मिटताहेत, तरी आजचं आजच लिहिते.

लेक दोन महिन्यांची झाली, पण मला अजून सलग झोप नाही. तशातच दुपारी आमच्या कारंजा गावातल्या चार-पाच सुना इंग्रजी शिकायला घरी येतात. नवरे मॅट्रिक झालेले, त्यांना बायकोलाही इंग्रजी यायला हवं, म्हणून. पुस्तकातले राजे-राण्या त्यांच्या डोक्यात शिरत नाहीत, म्हणून मी बाळंतपणाच्या, पाळण्या-दुपट्याच्याच गोष्टी सांगते. त्यातले शब्द पटकन बसतात.

आज 'हॅव' शिकवलं. मंजुळा सतरा वर्षांची, कालपासूनच येऊ लागलेली, पण अक्षरं घरी नवऱ्याकडून गिरवून आलेली. तिने पाटीवर लिहिलं, "आय हॅव अ सन."

"शाब्बास! उद्या त्याला घेऊन ये," मी म्हटलं.

तिची शेजारीण हळूच म्हणाली, "बाई, तिचं पोरगं गेलं. आठ दिवसांचं होतं."

मंजुळाच बोलली, "गेलेल्याले कसं लिवतेत, बाई?"

मी 'हॅव' पुसून 'हॅड' लिहिलं.

"पण आई तर मी आताबी आहो ना? ते कसं लिवू?"

"आय ॲम अ मदर," मी सांगितलं.

तिने ते तीनदा लिहिलं आणि पाटी न पुसताच घरी नेली.

तेव्हापासून मी लेकीला खाली ठेवलेलं नाही. खांदा भरून आलाय. तुम्ही माझ्या जागी असता, तर 'हॅड' लिहून दिलं असतं का?