गुरप्पाच्या मागावरची जादा पेटी

हणमंताच्या पायाला भिंगरी होती म्हणावं, तर भिंगरीसुद्धा कधीतरी थांबते. हा बाबा जेवायला बसला तरी मांडी हलवायचा आणि त्याची बायको येसूबाई वैतागायची, "अवं, ताट सांडंल की! जरा एका जागी बसा." माढ्याकडून आलेला हा माणूस सोलापुरात चादरीच्या कारखान्यात माग दुरुस्त करायचा. माग बिघडलेला नसला तरी पान्हा घेऊन त्याच्याभोवती घिरट्या घालायचा.

पंच्याहत्तर साली मात्र त्याला घिरट्या घालायला खरंच कारण मिळालं. कारखान्यात गुरप्पा म्हणून अक्कलकोटकडचा म्हातारा विणकर होता. त्याचा उजवा खांदा आखडला आणि रंग बदलताना आडवं सूत नेणारा धोटा काढून दुसरा घालणं त्याला जमेना. मालक म्हणाले, "बसवा त्याला सुताच्या कांड्या भरायला." जन्मभर माग चालवलेल्या माणसाला कांड्या! हणमंताला राहवलं नाही. "मालक, जरा दम धरा. मी करतो कायतरी."

आणि केलंन की! चादरीवर लाल पट्टा विणणाऱ्या लाल धोट्यासाठी मागाच्या कडेला एक जादा पेटी बसवली. वर जॅकार्डात, म्हणजे नक्षी काढणाऱ्या यंत्रात, भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ फिरते. जिथं भोक, तिथला हूक उचलला जातो आणि खाली नक्षी उठते. कडेचा एक हूक रिकामा होता, पेटीची दोरी त्यालाच बांधली. हूक वर, पेटी वर, लाल धोटा हजर. गुरप्पाला हात लावायचं काम नाही.

पण मालकांनी नक्षी बदलली. नवे पुठ्ठे आले आणि त्यातल्या दांडग्या फुलानं तो कडेचा हूकही गिळला. आता पाकळी आली की पेटी उगाच उडायची. पहिल्याच दिवशी धोटा सुटला, गुरप्पाच्या कानाजवळून गेला आणि भिंतीवर आपटला.

"शनिवारपर्यंत जमलं नाही तर पेटी काढ," मालक म्हणाले, "आणि गुरप्पा जाईल कांड्यांवर."

हणमंताचा जीव थाऱ्यावर राहीना. त्या हुकाची पुठ्ठ्यांवरची भोकं कागद चिकटवून बुजवली, तर फुलाची पाकळीच गेली. मालक ओरडले, "हे फूल आहे का उंदरानं कुरतडलेली भाकरी?" दुसरा हूक शोधावा तर एकही मोकळा नाही. सात रस्ता चौकातल्या हॉटेलात चहा मागवायचा आणि दोन घोट घेऊन उठायचा. हॉटेलवाला विचारायचा, "हणमंतराव, आमच्या चहाचं काय चुकलं?"

शुक्रवारी पेटी बंद ठेवून गुरप्पा हातानंच धोटे बदलत होता. दर वेळी ओठ चावायचा. हणमंताला त्याच्या खांद्याकडं बघवेना, म्हणून त्यानं मान खाली घातली. आणि बघतो तर काय, गुरप्पाचा डावा पाय जमीन दाबत होता! लहानपणी तो हातमागावर शिकलेला, खड्ड्यात पाय सोडून पावडी दाबत. या विजेवरच्या मागाला पावडीच नाही, तरी लाल पट्टा यायच्या जरा आधी पाय बरोबर खाली जायचा.

"गुरप्पा, पाय का दाबताय?"

"कुठला पाय?" गुरप्पानं विचारलं. त्या बिचाऱ्याला पत्ताच नव्हता.

हणमंतानं पेटीची दोरी हुकावरून सोडली, गोदामातून जुन्या हातमागाची पावडी हुडकून आणली, गुरप्पाच्या पायाखाली ठोकली आणि दोरी तिला बांधली. आता पुठ्ठ्यांनी खुशाल फूल काढावं, पट्ट्याचं गुरप्पाचा पाय बघेल.

शनिवारी मालकांनी चादर उलटसुलट बघितली. फूल अख्खं, पट्टा सरळ. पण ते पडले मालक. त्यांनी धुळा नावाच्या तरण्या विणकराला मागावर उभं केलं. धुळ्यानं पावडी उशिरा दाबली आणि लाल पट्टा थेट फुलाच्या पोटातून गेला.

"म्हणजे हा माग आता एकाच माणसाचा," मालक म्हणाले. "उद्या हा गुरप्पा आला नाही तर?"

"तर माग बंद ठिवा!" हणमंत बोलून गेला. "इतकी वर्सं त्यांनी तुमचा माग बंद पडू दिला न्हाय. एक दिस त्यांच्यासाठी बंद ऱ्हायला तर काय आभाळ कोसळतंय?"

आता हणमंताची नोकरीही गेली असंच धुळ्याला वाटलं.

मालक खाली वाकले, पावडीत अडकलेला सुताचा गुंता स्वतःच्या हातानं काढला आणि बाजूला सरले.

"या, गुरप्पा," ते म्हणाले. "तुमचा माग चालू करा."