टी वास्तव आहे

आमच्या डिचोलीच्या कॉलेजात गणिताची प्रॅक्टिकल्स संगणकावर घ्यायचं ठरलं, तेव्हा प्राचार्यांनी मला बोलावून गोड आवाजात सांगितलं, "मॅडम, तुमी फळो सांबाळा. प्रॅक्टिकलाक आमी एक नवी चली घेतां."

आयुष्यभर खडूने शिकवलं, म्हणजे आता दुसरं काही जमायचं नाही, असा त्याचा सरळ अर्थ. माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "मला एक तास द्या. नाही जमलं तर त्या मुलीला खुशाल घ्या."

दिवाळीची सगळी सुट्टी आमोणे गावातल्या घरी मी लॅपटॉपपुढे काढली. दिवाळीचे फोव, म्हणजे पोहे, खायला आलेल्या पाहुण्यांसाठीसुद्धा उठले नाही. जाऊबाई काय म्हणाली ते सोडा.

सुट्टीनंतर मला दिलेल्या तासाला प्राचार्य शेवटच्या बाकावर येऊन बसले. मी संगणकाला ई चा आय टी घात ही संमिश्र घातांकी राशी दिली आणि तिचा वास्तव भाग मागितला. नुसता कॉस टी यायला हवा होता. आला भलताच गुंता! कॉसच्या मागे आणखी एक घातांकी शेपूट आणि आत टीचेच दोन तुकडे, एक वास्तव, एक काल्पनिक. पुन्हा केलं, पुन्हा तेच. मुलं हसू दाबत होती. माझे कान तापले.

"जमना तर रावू दी, मॅडम," मागून प्राचार्यांचा आवाज आला.

मी खडू उचलला. टीच्या जागी ए अधिक आय बी, म्हणजे ए वास्तव आणि बी काल्पनिक भाग, असं घेतलं आणि फळ्यावर ओळीओळीने सोडवत गेले. शेवटची ओळ पडद्यावरच्या गुंत्याशी तंतोतंत जुळली. म्हणजे संगणक बरोबरच होता! टी ही वास्तव संख्या आहे हे आम्ही खडूवाले कधी लिहीतच नाही. माझ्या शिक्षकांनी लिहिलं नाही, मीही नाही. वर्गात ते न सांगता चालतं. संगणकाने मात्र टी काहीही असू शकतो असं धरलं होतं.

एक ओळ टाइप केली: टी वास्तव आहे. बी शून्य झाला, शेपूट गेलं. पडद्यावर कॉस टी. मला इतका आनंद झाला की ओरडावंसं वाटलं.

प्राचार्य उठले. "म्हणजे मशीन चुकलेलें?"

"नाही सर. मी त्याला पुरतं सांगितलं नव्हतं. काय राहिलं ते फळ्यावर कळलं."

"मगीर सोमवारचें प्रॅक्टिकल..."

"मी घेणार," म्हटलं आणि मुलांकडे वळले. "चला, पुढचं उदाहरण. आधी हाताने सोडवा. संगणक नंतर."