दुपट्ट्याबाहेरचा भाव

धानाच्या बांधीत, भाताच्या खाचरात, चिखल करायला आमच्या भागात बैलापेक्षा हल्या बरा मानतात. हल्या म्हणजे रेडा. पोटापर्यंत पाण्यात उभा राहून तो दिवसभर ओढतो. माझ्या नवऱ्याकडे हल्यांची एक जोडी होती. आमचं चिखल झालं की रोपं लावायच्या, रोवणीच्या दिवसांत तो दुसऱ्यांच्या बांध्याही करून द्यायचा. हल्यांना नावं नव्हती. जुवाला डावीकडे जुंपायचा तो डावा, उजवीकडचा उजवा. गावातले लोकही तसंच म्हणत.

नवरा गेला तो बांधावरच. छातीत दुखतं म्हणून बसला आणि उठलाच नाही. माणसं धावली, त्याला खाटेवर घालून घरी आणलं. त्या धावपळीत हल्यांकडे कोणाचं लक्ष गेलं नाही. मान खाली घालून, जू तसंच खांद्यावर, दोघं संध्याकाळपर्यंत चिखलात उभे होते. शेवटी माझ्या दिराला आठवण झाली आणि त्याने जाऊन सोडले.

पुढच्या उन्हाळ्यात उजव्याने चारा सोडला आणि आठवडाभरात तोही मेला. मागे राहिला डावा. एकटा हल्या कोणाच्या कामाचा नसतो. त्याचं वय झालेलं, गुडघे जाड झालेले, नवा जोडीदार आणावा तर तो याच्यासोबत चालणार नाही. गावात ट्रॅक्टर आले होतेच. तरी मी वर्षभर त्याला ठेवला. धानाच्या काडाची तणस घालायची, दुपारी बोडीवर, गावच्या छोट्या तळ्यावर, नेऊन धुवायची. पाण्यात बसला की तो डोळे मिटायचा आणि डावीकडे अंग रेलायचा. उजवीकडे जागा सोडायचा.

तणस संपत आली तेव्हा दीर म्हणाला, "वहिनी, आता विकून टाकाले पाह्यजे. पावसाळ्यात याले काय घालसान?"

विकायचा म्हणजे कोणाला, हे त्याने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. बैल कटाईला विकता येत नाही, कायदा आहे. हल्याला डॉक्टरचा दाखला मिळाला तर विकता येतो. म्हाताऱ्या हल्याला दुसरं गिऱ्हाईक नसतं.

आधी एक व्यापारी घरीच आला. कोठ्याच्या, आमच्या गोठ्याच्या, दारातून त्याने पाहिलं, आत पाऊलही टाकलं नाही. "बारा हजार देतो. मांस कुठे आहे याच्यावर? रस्त्यात गाडी अडवतात, दहा जणांची तोंडं बंद करा लागते. ते सारं यातूनच जाते ना."

मी नाही म्हटलं. का म्हटलं, ते मला तेव्हा नीट सांगता आलं नसतं. जाणारच असेल तर बारा काय आणि वीस काय, असं दिरालाही वाटत होतं. पण मला वाटलं, इतकी वर्षं ज्याने आमचं घर ओढलं त्याला कोणी कोठ्याच्या दारातून बघून भाव करू नये.

अड्याळच्या बाजारात मी भाजी विकायला बसायची, त्यामुळे जनावरांचा बाजार लांबून पाहिलेला होता. पुढच्या बाजाराला टोपली शेजारणीजवळ ठेवली आणि तिकडे गेले. हल्ये विकून परतणाऱ्यांना विचारत फिरले. काही जणांनी सांगितलं, काहींनी बाईला काय सांगायचं म्हणून तोंड फिरवलं. तरी अंदाज आला. डाव्यासारख्या जनावराला पंचवीसच्या आसपास मिळत होते.

त्याच्या पुढच्या बाजाराला आम्ही सकाळी निघालो. दोर दिराच्या हातात, मी मागून. डाव्याने वाटेत कुठे अडवणूक केली नाही. बोडी आली तसा तो पाण्याकडे वळला. दीर दोर ओढणार होता, मी म्हटलं, बसू दे थोडं. तो बसला, आम्ही बांधावर उभे राहिलो. मग आपणच उठला.

बाजारात दलालाने आम्हाला लगेच हेरलं. एका व्यापाऱ्याला घेऊन आला. पिकलेली दाढी, स्वच्छ सदरा, बोलणं हळू. त्याने डाव्याचे दात पाहिले, पाठीवरून हात फिरवला, मागच्या मांडीत अंगठा दाबून पाहिला. हात फिरवण्यात घाई नव्हती. मला क्षणभर बरं वाटलं, आणि मग तो हात काय मोजत आहे ते ध्यानात आलं.

जनावरांच्या बाजारात भाव तोंडाने सांगत नाहीत. दलाल दुपट्टा टाकतो, त्याखाली हातात हात घेऊन बोटं दाबायची, एक बोट म्हणजे एक हजार, असं काय काय. बाजूला उभ्या असलेल्याला कळत नाही. दलालाने आधी व्यापाऱ्याचा हात दुपट्ट्याखाली घेतला, मग माझ्या दिराचा. दीर माझ्याजवळ येऊन कुजबुजला, "अठरा म्हणून राहिला. देऊन टाकू."

मी सरळ व्यापाऱ्याला विचारलं, "तुम्ही किती म्हटले?"

दलाल मध्ये आला. "बाई, असं विचारत नाही. इथली रीत आहे."

"रीत हात देणाऱ्याची आहे," मी म्हटलं. "जनावर माझं आहे. माझा हात तर तुमच्या दुपट्ट्याखाली येत नाही. मग भाव बाहेर येऊ द्या."

दोन-चार माणसं हसली. दीर खाली पाहू लागला. व्यापारी मात्र हसला नाही. त्याने दलालाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "भाभी, मी एकवीस म्हटले होते."

दलाल म्हणाला, बोटं समजण्यात चूक झाली असेल. पण त्यानंतर दुपट्टा त्याच्या खांद्यावरच राहिला. मी तीस मागितले. व्यापारी म्हणाला, "जनावर म्हातारं आहे, भाभी. हाडं भारी आहेत."

"हाडं भारी आहेत तसं अंगही आहे," मी म्हटलं. "मांडीवर पाहा. मानेवर पाहा. ती मान रिकामी नाही. पुन्हा हात लावून पाहा."

त्याने पुन्हा हात लावून पाहिला. मी डाव्याची शेपटी बाजूला करून दाखवली. जी मान मी खोबरेल लावून चोळत असे, जुवाच्या घट्ट्यावर हळद भरत असे, तिचं मी त्याला वजन दाखवत होते. आणि मला ते चांगलं जमत होतं. आवाज एकदाही कापला नाही. डावा माझ्या खांद्याला नाक लावून उभा होता.

सौदा सव्वीस हजारांवर झाला. सगळ्यांसमोर, तोंडाने. बाजूचा एक म्हातारा म्हणाला, "बाईनं बराबर भाव घेतला." डॉक्टर तिथेच होता. त्याने डाव्याला पाहून दाखला दिला. व्यापाऱ्याने तो घडी करून खिशात ठेवला. वाटेत कोणी विचारलं तर लागतो म्हणाला.

गाडीला मागे फळी लावली होती. डाव्याने तिच्यावर एक पाय ठेवला, फळी हलली, त्याने पाय काढून घेतला. मग तो जागचा हलेना. गाडीवरचा माणूस पुढून ओढू लागला, दुसऱ्याने मागून शेपटी पिळली. डाव्याच्या तोंडातून असा आवाज निघाला, जो मी तोवर ऐकला नव्हता. दुसऱ्याने काठी उचलली.

मी म्हटलं, "थांबा."

माझा नवरा दिवसाचं काम संपलं की बांधावर उभा राहून जीभ टाळूला लावून दोनदा टक्‌ टक्‌ करायचा आणि मग लांब हो... असं म्हणायचा. जू निघालं, आता घरी, असा त्याचा अर्थ. त्या आवाजावर दोन्ही हल्ये कोणी न हाकता घराची वाट धरायचे. तो गेल्यापासून तो आवाज कोणी काढला नव्हता. मी गाडीच्या हौद्याच्या पुढच्या टोकाला गेले, तिथल्या लोखंडी जाळीला तोंड लावलं आणि तो आवाज काढला.

डाव्याचे कान उभे झाले. त्याने मान वर करून पाहिलं. मग फळीवर चढला, आत आला आणि जाळीपाशी माझ्यासमोर उभा राहिला.

काठीवाल्याने फळी काढून घेतली. व्यापारी माझ्याजवळ आला. म्हणाला, "बरं केलं भाभी. मार वाचला त्याचा." मी मान हलवली. तो खरं तेच बोलला होता. दिराकडे पाहिलं तर तो पाठ फिरवून पानठेल्याकडे चालला होता.

घरी आल्यावर ते पैसे देव्हाऱ्याखालच्या डब्यात ठेवले. त्यातूनच ट्रॅक्टरवाल्याला दिले, रोवणीच्या बायांना दिले. धान चांगलं झालं त्या वर्षी. मला कोणी बोल लावला नाही. उलट गावात गोष्ट पसरली की हिने दलालाची चोरी पकडली.

पण घरात पाली फार. भरदुपारी, सगळं निवांत असताना, आढ्यावरची एखादी पाल चुकचुकते. टक्‌ टक्‌. आमच्यात पाल चुकचुकली की म्हणतात, बोललेलं खरं होणार. मी हातातलं काम टाकून उभी राहते आणि त्या पुढच्या लांब हो... ची वाट पाहते. तो येत नाही. तरी माझे कान तिकडेच असतात, आणि खरं सांगायचं तर पायही दाराकडे वळलेले असतात. निवडायला घेतलेले तांदूळ कितीदा तसेच राहिले. मुलगा-सून बाहेरगावी असतात; सणाला आलेली सून एकदा म्हणाली, "आई, कोणी आलं का?" मी म्हटलं, नाही.

नवऱ्याचा आवाज आठवावा म्हटलं तर आता मला माझाच आवाज ऐकू येतो. जाळीतून काढलेला. त्याचा होता तो बुजून गेला.

पुढच्या उन्हाळ्यात तोच व्यापारी बाजारात दिसला. मी भाजी घेऊन बसले होते, त्याने ओळखलं. वांगी घेतली, भाव केला नाही. मी विचारू नये असं ठरवलेलं, तरी विचारलं, "त्या दिवशी नीट गेला का तो?"

त्याने वांगी पिशवीत भरली. मग म्हणाला, "रस्त्यात पोरांनी गाडी अडवली होती. दाखला होता, सोडली. पण दुपार गेली त्यात. बाकीची जनावरं बसली, भाभी. तुमचा नाही बसला. जाळीलेच तोंड लावून उभा होता."

"आणि उतरताना?"

"काही त्रास नाही दिला," तो म्हणाला. "आपला आपण उतरला."

त्याने पिशवी उचलली आणि गेला. मी त्या दिवशी उरलेली भाजी शेजारणीला देऊन लवकर घरी आले.

आता गावातल्या दोन-तीन बाया हल्या विकायचा असला की मला सोबत बोलावतात. मी जाते. दुपट्टा बाजूला ठेवायला लावते, भाव मोठ्याने बोलायला लावते. चांगला भाव मिळतो. सौदा पक्का झाला की मी चहाच्या टपरीवर जाऊन बसते आणि गाडी निघून गेल्याशिवाय उठत नाही. परवा त्यांतली एक म्हणाली, "तुम्हाले इतकं समजते जनावरातलं, मग घरी एखादं काहून नाही बांधत?"

मी म्हटलं, कोठा पडायला झाला आहे.

कोठा चांगला आहे. भिंती मीच सारवते.